आमच्या आळीत फॉगिंगची गाडी कधी येणार?

सागरवेडा
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि तेही रडगाणंच. आमच्या बेटावर चिकुनगुन्या सुरू होऊन महिना होत आला. पहिली केस जेट्टीच्या बाजूला निघाली तेव्हा आम्ही म्हणालो लांब आहे हो, लांब म्हणजे किती तर चालत पंधरा मिनिटं. आता आमच्या आळीत सतरा घरं, त्यातल्या अकरा घरांत कोणी ना कोणी पडून आहे.

आमच्याकडे आधी आई, मग मी, मग बाबा. माझा ताप चार दिवसांत उतरला, आईचंही ठीक आहे, पण बाबांचं (वय ७१) काही खरं नाही. ताप जाऊन सोळा दिवस झाले तरी सकाळी पलंगावरून पाय खाली सोडतात आणि तसेच बसून राहतात दहा-पंधरा मिनिटं, मग भिंतीला हात लावत लावत बाथरूमपर्यंत. काल शर्टाची बटणं मला लावायला सांगितली. आयुष्यभर जाळी विणली या माणसाने आणि आता बटण काजात जात नाहीये.

मुद्दा असा की फॉगिंगची गाडी मुख्य रस्त्याने येते आणि तिथूनच वळते, आमची आळी अरुंद म्हणून आत येत नाही. दोनदा अर्ज दिला. अख्ख्या बेटाला एकच मशीन, तेही पलीकडून होडीत घालून आणलंय. कुणाकडे अर्ज केला की काम होतं याचा कुणाला अनुभव? आणि दुसरं, हे सांधे नक्की किती दिवस घेतात?

खाजवत_बसलेला
गाडी येऊन तरी काय होणार. धूर आळीला लागतो, अळीला लागत नाही.

मीनल_जेट्टीवाली
हसून हसून पुरेवाट. पण खरंय ते. आमच्याकडे जेट्टीवर गाडी आठवड्यातून दोनदा येते, सगळ्यात जास्त पेशंट आमच्याकडेच. गाडीचा आवाज आला की लोक काय करतात सांगू? धडाधड खिडक्या लावून घेतात, धूर नको म्हणून. म्हणजे धूर बाहेर आणि डास आत, दाराच्या मागे टांगलेल्या कपड्यांत मजेत बसलेले. चिकुनगुन्या पसरवणारी ही एडिस डासाची जात घरातच राहते, पलंगाखाली, कपाटामागे, अंधाऱ्या कोपऱ्यात. धुराने फक्त उडणारे मरतात, तेही त्यांच्यापर्यंत पोचला तर. दोन दिवसांनी नवीन बॅच तयार.

खडूस_काका
साफ असहमत. धूर सोडला की त्या रात्री कानाशी गुणगुण नसते हा माझा स्वतःचा अनुभव आहे. काहीच न करण्यापेक्षा बरं. सागरवेडा, तुम्ही अर्ज करत राहा, तिसरा करा, चौथा करा. करदाते आहोत आपण.

खाजवत_बसलेला
काका, रात्री कानाशी गाणारा तो क्युलेक्स. तो बिचारा या भानगडीत नाही. चिकुनगुन्यावाला दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि मग सूर्य कलल्यावर, घोट्याला आणि कोपराच्या मागे, आणि आवाज जवळजवळ करतच नाही. पायावर पांढरे पट्टे असतात. तुम्ही चोर सोडून भजनी मंडळ पकडताय.

खडूस_काका
भजनी मंडळही नकोच आहे मला.

नर्सताई
सागरवेडा, आधी बाबांचं बोलूया, गाडीचं नंतर. मी एकतीस वर्षं नर्सिंग केलं, आता निवृत्त आहे, तरी माझं ऐकून डॉक्टर टाळू नका.

बहुतेकांचे सांधे काही आठवड्यांत मोकळे होतात. पण वय जास्त असेल, आधीपासून संधिवात असेल, किंवा पहिल्या आठवड्यात फार सूज असेल तर महिनोन्महिने चालतं, काहींचं वर्षाच्यावर पण गेलेलं पाहिलंय. सोळा दिवस म्हणजे काही वेगळं घडतंय असं नाही. तीन महिने उलटूनही सूज आणि सकाळचा ताठरपणा राहिला तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायचंच. तोवर अगदी पडून राहू देऊ नका, कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हळूहळू उघड-मीट करायला सांगा, दुखेल तिथे थांबायचं. आणि ते "एका इंजेक्शनमध्ये उभा करतो" वाले फिरायला लागतात साथीत, त्यांच्यापासून लांब. बऱ्याचदा स्टिरॉइड असतं त्यात, दोन दिवस छान वाटतं आणि मग दुप्पट.

एक विचारते, रक्त तपासलं होतं का? चिकुनगुन्याच आहे हे नक्की का?

सागरवेडा
ताई, माझं एकट्याचं तपासलं. बाबांचं नाही. लक्षणं सारखी म्हणून डॉक्टर म्हणाले तेच असणार. केंद्रात किट संपले होते त्या आठवड्यात.

नर्सताई
आता बाबांचा ताप जाऊन दोन आठवडे झालेत म्हणजे काळजी नाही. पण बाकी सगळ्यांसाठी लिहून ठेवते, कारण तोच डास डेंग्यू पण पसरवतो आणि दोन्ही एकाच वेळी फिरत असू शकतात. डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत अंगदुखीसाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मापातच. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घरातल्या डब्यातून काढून द्यायचं नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आणि डेंग्यूची गंमत (गंमत कसली) अशी की ताप उतरला की लोक सुटलो म्हणतात आणि नेमकं तेव्हाच बिघडतं, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात सतत दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी, माणूस गळून जातो नाहीतर उगाच बेचैन होतो. यातलं एक जरी दिसलं तरी बेटावर राहणाऱ्यांनी "रात्रभर बघू" म्हणायचं नाही. शेवटची होडी सुटायच्या आत ठरवायचं. मी माझ्या नोकरीत जे वाईट पाहिलं ते बहुतेक सकाळच्या पहिल्या होडीने आलेलं होतं.

कविता_नको
शेवटचं वाक्य वाचून काटा आला.

पलीकडचा
मी किनाऱ्यावर राहतो त्यामुळे कदाचित मूर्ख प्रश्न असेल, पण साचलेल्या पाण्यात डास होतात हे शाळेपासून माहीत आहे तर तुम्ही लोक पाणी साठवणं बंद का करत नाही?

खडूस_काका
हो का? मग आम्ही प्यायचं काय, समुद्र?

मीनल_जेट्टीवाली
पलीकडचा, तुमचा दोष नाही पण हे वाक्य महिन्याभरात चाळीस वेळा ऐकलंय. आमच्याकडे नदी नाही, विहिरी दोन, त्यातली एक मचूळ. छपरावर पडतं तेच पाणी पन्हळीतून टाकीत, तेच वर्षभर. पत्रक वाटायला आलेल्या मुलाने पण हेच सांगितलं, "ताई पाणी साठवू नका". मी म्हटलं बस बाबा, पाणी पी. त्याने तांब्या रिकामा केला, मी म्हटलं हे साठवलेलंच होतं.

साठवायचं बंद नाही, झाकायचं. झाकण म्हणजे वर ठेवलेली फळी नाही, फट राहिली की झालं. आमच्या टाकीला झाकण होतं, वर वीट पण ठेवलेली, तरी अळ्या. कुठून? ओव्हरफ्लोच्या पाइपातून! बोटभर भोक. आता तिथे नायलॉनची जाळी बांधलीय, पन्हळीतून पाणी जिथे आत पडतं तिथे पण. सुतळीने बांधली तर सुतळी कुजते, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधा, घट्ट बसते.

पलीकडचा
माफी. पाइपची गोष्ट खरंच माहीत नव्हती.

खाजवत_बसलेला
दर आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणतात तो का, ते कुणी नीट सांगत नाही म्हणून लोक पाळत नाहीत. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे सातव्या दिवशी भांडं उलटं केलं तर पुढची पिढी गटारात. पण नुसतं ओतून भागत नाही, ही बया पाण्यात अंडी घालत नाही, पाण्याच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाऊस पडला की उठतात. म्हणून काथ्याने घासायचं. भांडं आतून खसाखसा घासायचं, पुन्हा पाणी भरायच्या आधी.

मला कसं माहीत? कारण गेल्या वर्षीची रिकामी कुंडी यावर्षी पहिल्या पावसात बाहेर ठेवली आणि आठव्या दिवशी त्यात नाच चालू. सगळे डोकं खाली शेपूट वर टांगलेले, नळीने श्वास घेतात ना, आणि हाताची सावली पडली की एकदम सगळे बुडी मारतात. पाच मिनिटं बघतच बसलो होतो. मग बायको आली आणि कुंडी माझ्या पायावरच ओतली.

अर्धा_कप
आमच्याकडे सगळं कोरडं आहे, झाकलेलं आहे, तरी तिघे आजारी. शेजारचं घर वर्षभर बंद. मालक शहरात. गच्चीवर टाकी उघडी, अंगणात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या उलट्या टाकलेल्या, त्यांच्या खळग्यात पाणी. भिंतीवरून दिसतं पण जाता येत नाही. हे डास फार लांब उडत नाहीत म्हणे, शे-दोनशे मीटर. म्हणजे आमचे डास हे त्यांचेच डास. माझं रक्त आणि त्यांची पैदास.

सागरवेडा
अगदी! आमच्या आळीत पण असं एक बंद घर आहे, मला शंभर टक्के खात्री आहे की सगळं तिथूनच येतंय. म्हणून तर गाडी हवी.

नर्सताई
बंद घराला गाडीचा काही उपयोग नाही, किल्लीचा आहे. आमच्या वाडीत आम्ही बंद घरांची यादी केली, कुणाची किल्ली कुणाकडे ते लिहिलं, ज्यांची नव्हती त्यांना फोन केले. नऊपैकी सात जणांनी दुसऱ्याच दिवशी हो म्हटलं, व्हिडिओ कॉल चालू ठेवून आत गेलो म्हणजे त्यांनाही शंका नको. एकाने तर त्याची गच्ची बघून स्वतःच कपाळावर हात मारला. पाणी काढणं शक्य नव्हतं तिथे आरोग्य कर्मचाऱ्याने अळीनाशक टाकलं. उरलेले दोघे फोन उचलत नाहीत, त्यांची नावं केंद्राला दिली.

टिंबटिंब
नमस्कार, वाचनमात्र असतो, पहिल्यांदाच लिहितोय. बायकोला नववा महिना लागलाय. घाबरवू नका पण खरं सांगा.

नर्सताई
खरं सांगते. गरोदरपणात आधी कधी होऊन गेला असेल तर बाळाला सहसा त्रास होत नाही. धोका आहे तो प्रसूतीच्या अगदी आसपास आईला ताप असेल तर, तेव्हा रक्तात विषाणू भरपूर असतो आणि साधारण निम्म्या बाळांना लागण होते. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या साथीत हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं. बाळाला जन्मानंतर काही दिवसांनी ताप येतो, दूध पीत नाही, मेंदूला पण सूज येऊ शकते. म्हणून दोन गोष्टी. एक, दिवसा झोपताना पण मच्छरदाणी, पूर्ण बाह्या, आणि डासांना लांब ठेवणारं डीट किंवा पिकारिडिनचं मलम, ते गरोदर बाईला चालतं, डबीवर लिहिल्याप्रमाणे लावायचं. दोन, प्रसूती कुठे करायची ते आजच ठरवा, जिथे नवजात बाळाचा विभाग आहे तिथेच. दिवस भरत आले की पलीकडे जाऊन राहता येत असेल तर जा, होडीच्या भरवशावर राहू नका.

टिंबटिंब
खूप आभार ताई. माझी आत्या असते पलीकडे. रविवारी हलवतोय तिला.

जुना_खलाशी
रियुनियनचं नाव निघालं म्हणून. मी २००६ च्या सुरुवातीला जहाजावर होतो, तिथल्या बंदरात आमचं जहाज लागलं तर माल उतरवायला माणसंच नाहीत. अर्धी टोळी आजारी. क्रेनवाला आला तो काठी टेकत.

ती साथ सगळ्या बेटांवर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. २००५ च्या मार्चमध्ये सुरू झाली, मग तिथल्या थंडीत कमी झाली, लोक म्हणाले संपली. संपली नव्हती. डिसेंबर-जानेवारीत उसळली ती अशी की फेब्रुवारीत एका आठवड्यात ४५ हजारांहून जास्त लोक आजारी. एकूण अंदाज २ लाख ६६ हजारांचा, लोकसंख्या पावणेआठ लाख, म्हणजे तीनात एकाहून जास्त. अडीचशेच्या वर मृत्यूंच्या दाखल्यांवर चिकुनगुन्याची नोंद झाली. तोपर्यंत डॉक्टर म्हणायचे हा जीवघेणा आजार नाही. नंतर कळलं की विषाणूत एक छोटासा बदल झाला होता, त्यामुळे तो तिथल्या टायगर डासात, म्हणजे एडिस अल्बोपिक्टसमध्ये, फार झकास वाढायला लागला. आणि परत २०२४-२५ मध्ये त्याच बेटावर मोठी साथ आली. मधल्या काळात जन्मलेली पोरं होती ना, त्यांना कुठली प्रतिकारशक्ती.

अर्धा_कप
म्हणजे एकदा झाला की परत होत नाही?

नर्सताई
चिकुनगुन्या सहसा परत होत नाही. डेंग्यूचं तसं नाही, त्याचे चार प्रकार आहेत, एकाचा झाला तरी बाकीचे तीन मोकळे, आणि दुसऱ्या वेळचा जास्त वाईट असू शकतो.

भूगोल_चाळीस_मार्क
बेटांवर साथ वणव्यासारखी का पसरते याचं कारण हेच. छोटी जागा, कुणालाच आधी झालेला नाही, सगळे एकाच जेट्टीवरून ये-जा करणार. २००७ साली प्रशांत महासागरात याप बेटांवर झिका, हाही डासांमुळेच पसरणारा आजार, आला तर तीन वर्षांच्या वरच्या जवळजवळ ७३ टक्के लोकांना लागण होऊन गेली, बहुतेकांना कळलंसुद्धा नाही. पण बेटाचा फायदा पण असतो, एकदा साफ केलं की बाहेरून येणारं दारावर अडवता येतं. केप व्हर्द हा बेटांचाच देश, तो २०२४ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाला. श्रीलंका २०१६ मध्ये.

अवांतर: जगात एक बिनडासाचं बेट म्हणून आइसलँड मिरवायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेही तीन डास सापडले.

खाजवत_बसलेला
तीन! नावानिशी ओळखत असतील.

कविता_नको
आम्ही आमचे तीनशे पाठवतो, सोबत म्हणून.

अर्धा_कप
जाता जाता, चिकुनगुन्या नाव कशावरून? २००६ साली आमच्या आजोबांनी कोंबडी खाणं सोडलं होतं, चिकन-गुनिया म्हणून.

भूगोल_चाळीस_मार्क
कोंबडीचा काडीचा संबंध नाही. १९५२-५३ मध्ये टांझानियाच्या माकोंडे पठारावर पहिली नोंदलेली साथ आली, माकोंडे भाषेत त्याचा अर्थ वाकवून टाकणारा. आपल्याकडे १९६३ मध्ये कोलकात्यात, १९७३ मध्ये बार्शीला, आणि मग तीसेक वर्षं गायब. इतका गायब की २००५-०६ मध्ये परत आला तेव्हा बऱ्याच तरुण डॉक्टरांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला.

सागरवेडा
वाकवून टाकणारा. बाबांना सांगितलं. म्हणाले, बरोबर नाव ठेवलंय.

खडूस_काका
लस निघाली म्हणतात ना? ती का देत नाहीत आपल्याला?

नर्सताई
निघाल्यात दोन. पहिलीला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची. २०२५ मध्ये रियुनियनला द्यायला लागले तर काही वयस्कर लोकांना गंभीर त्रास झाला, म्हणून एप्रिलमध्ये ६५ च्या वरच्यांना देणं थांबवलं, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने तिचा परवानाच स्थगित केला. दुसरी वेगळ्या पद्धतीची आहे, त्यात जिवंत विषाणू नसतो. पण काका, लस आली तरी ती साथीच्या आधी कामाची. आज कामाची गोष्ट मच्छरदाणी. आणि ती कुणासाठी? आजारी माणसासाठी.

अर्धा_कप
आजारी माणसाला तर झालाच आहे, त्याला कशाला?

नर्सताई
हाच मुद्दा लोकांच्या गळी उतरत नाही. पहिला आठवडाभर त्याच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास काही दिवसांनी तुम्हाला देणार. आपण काय करतो, आजारी माणसाला "मोकळी हवा" म्हणून ओटीवर झोपवतो, दिवसाढवळ्या, उघड्या अंगाने. तो तिथे गावजेवण घालत असतो.

सागरवेडा
बाबांना आठ दिवस ओटीवरच झोपवलं होतं. मीच. पंखा लागत नाही म्हणून.

मीनल_जेट्टीवाली
अहो सगळ्यांनीच केलंय ते, मनाला लावून घेऊ नका.

माझं ऐका. काल रात्री आम्ही चार बायका टॉर्च घेऊन जेट्टीवर गेलो. होड्या आपटू नयेत म्हणून कडेला टायर टांगलेत ना, सव्वीस आहेत, मोजले. वरच्या ओळीतल्या चौदांना भरतीचं पाणी लागत नाही, त्यात नुसतं पावसाचं. चौदांपैकी तेरांत अळ्या. रोज दोनशे माणसं तिथे उभी राहून होडीची वाट बघतात, सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे नेमक्या चावायच्या वेळेला. आम्ही महिनाभर घराघरात फुलदाण्या उपसत होतो. टायर कुणाच्या डोक्यातच आला नाही कारण तो कुणाच्याच घरचा नाही.

ओतता येत नाही टायर, कितीही हलवा, पाणी आतल्या आत फिरतं. आज सकाळी ड्रिल आणून प्रत्येकाच्या तळाला दोन-दोन भोकं पाडली. एक जण म्हणाला परवानगी घेतली का. मी म्हटलं डासांनी घेतली होती का.

जुना_खलाशी
शाब्बास! आता वाळूवर ओढलेल्या होड्या बघा. समुद्र बंद असला की होड्या वर ओढून ताडपत्री घालतो आपण. ताडपत्री मधे झोळते, त्यात पाणी साचतं, समुद्राचं नाही, गोड. नांगराच्या दोराच्या वेटोळ्याखाली, फळ्यांच्या मधल्या खोबणीत. होडी म्हणजे डासाला महाल आहे.

खडूस_काका
त्या पाण्यात गप्पी मासे सोडावेत.

खाजवत_बसलेला
ताडपत्रीत मासे? काका, होडी वाळूवर, मासे होडीत. उलटं चाललंय सगळं. विहिरीत सोडा गप्पी, हौदात सोडा, तिथे झकास काम करतात.

कविता_नको
कुणी इंडोनेशियातल्या त्या डासांबद्दल ऐकलंय का, बॅक्टेरिया घातलेले?

भूगोल_चाळीस_मार्क
वोल्बाकिया. तो जिवाणू डासाच्या अंगात असला की डेंग्यूचा विषाणू त्यात नीट वाढत नाही. योग्यकार्ता शहरात मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल छापून आले, डेंग्यूच्या केसेस ७७ टक्के कमी. चिकुनगुन्याच्या विषाणूलाही प्रयोगशाळेत आळा बसलाय. पण ते डास वाढवून महिनोन्महिने सोडावे लागतात, या साथीला उपयोग नाही.

खडूस_काका
आता डास सोडायला पण अर्ज करू का?

सागरवेडा
मंडळी, अपडेट देतो. आणि आधी कबुली.

खलाशीबुवांची पोस्ट वाचली तेव्हा हसलो होतो. मग दुपारी आमच्या घरामागे गेलो. बाबांची जुनी होडी तिथे आहे, सहा वर्षं पाण्यात उतरलेली नाही, पण विकू देत नाहीत आणि हात लावू देत नाहीत. वर निळी ताडपत्री. ती मधे अशी झोळलीय की त्यात आमच्या बादलीने सात बादल्या पाणी निघालं. वर पानं कुजलेली म्हणून वरून नुसती काळी दिसायची. हाताने पानं बाजूला केली आणि खाली हजारो. काही तर स्वल्पविरामासारखे वळलेले, ते कोष म्हणे, म्हणजे एक-दोन दिवसांत उडणार. होडीपासून बाबांची ओटी बारा पावलं. बंद घराची किल्ली पण मिळवली होती काल, तिथली टाकी कोरडी ठणठणीत निघाली. ज्यांच्या नावाने महिनाभर बोटं मोडली त्यांचं काही नव्हतं.

पाणी उपसत होतो तर मागून आवाज, बाबा उभे. भिंत धरत धरत घराला वळसा घालून आलेले, महिन्यात पहिल्यांदा. मला वाटलं ओरडतील. म्हणाले ताडपत्री अशी बांधायचीच नसते, मधे खालून वासा उभा करायचा, वरून धार पडली पाहिजे दोन्ही बाजूंना, तूच घाईत बांधली होतीस सहा वर्षांपूर्वी. मग वासा आणला, उभा केला, दोर टाकला. गाठ त्यांना मारता येईना, दोर बोटांत धरून बघितला आणि माझ्याकडे दिला. तोंडाने सांगत गेले, इकडून घे, आता खालून, ओढ. तीन वेळा सोडायला लावली. चौथ्यांदा म्हणाले, चालेल, पण चांगली नाही.

मीनल_जेट्टीवाली
चांगली नाही म्हणजे बरे होतायत.

नर्सताई
घरामागे चालत आले हे फार चांगलं. रोज न्या तिथपर्यंत. आणि ताडपत्री आतून घासली का?

सागरवेडा
घासली ताई, काथ्याने. मीनल, तुमचं ड्रिल शुक्रवारी मिळेल का? आमच्या बाजूच्या किनाऱ्यावर पण टायर आहेत, आणि आणखी नऊ होड्या. आळीतले पाच जण तयार आहेत, त्यातले दोन लंगडत.

मीनल_जेट्टीवाली
शुक्रवारी सकाळी घेऊन येते. चार्ज करून ठेवा, बॅटरी रडते त्याची.

खाजवत_बसलेला
ते सगळं ठीक, पण मूळ धाग्याचं काय? गाडी आली का?

सागरवेडा
काल आली म्हणे. तिसऱ्या अर्जावर. आळीच्या तोंडाशी दहा मिनिटं भोंगा वाजवत थांबली, सगळ्यांनी दारं-खिडक्या उघड्या ठेवा सांगायला. आम्ही सगळे किनाऱ्यावर होड्या उपसत होतो, आळीत घरी कुणी नव्हतंच, एक बाबा सोडून. त्यांनी खिडकी लावून घेतली.